बाळाची बडबड : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला तान्ह्या बाळाच्या बडबडीशी काय करायचंय? प्रश्न रास्त आहे. पण भाषा माणसाला येते कुठून, आतून उगवते की बाहेरून मिळते, हा तत्त्वज्ञानातल्या सर्वांत जुन्या प्रश्नांपैकी एक आहे. त्याच्या उत्तरासाठी पंडितांनी ग्रंथ लिहिले, राजांनी मुलं कोंडून ठेवली. उत्तराचा मोठा भाग मात्र घरोघरच्या पाळण्यात ऐकू येत होता, आणि तिकडे नीट कान द्यायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. तो इतिहास आज सांगतो. शेवटी त्यातून एक अगदी व्यवहाराची गोष्ट निघते. ती ऐकल्याशिवाय कुणी उठू नका, विशेषतः ज्यांच्या घरी नातवंडं आहेत त्यांनी.

आधी शब्द नीट लावून घेऊ. मराठीत या बाबतीत चांगली सोय आहे. दोन-तीन महिन्यांचं बाळ आपल्याकडे बघून ‘अगूं’, ‘हूं’ असं काहीतरी करतं, त्याला आपण हुंकार म्हणतो. मग ते किंचाळून बघतं, ओठांनी ‘फुर्र’ करून थुंकीचे फुगे काढतं. ‘आता पाऊस येणार’ असं काही घरांत त्यावर म्हणतात. पुढे सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे उष्टावणाच्या आगेमागे, एक दिवस अचानक ‘बाबाबाबा’, ‘दादादा’, ‘मामामा’ सुरू होतं. ही बडबड. आणि वर्षानंतर शब्द येतात, पण ‘राजा’चा ‘लाजा’ होतो, ते बोबडे बोल. आपल्या वाङ्मयात कौतुक झालं ते मुख्यतः बोबड्या बोलांचं. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच मुलाच्या बोबड्या बोलांनी आणि वेड्यावाकड्या पावलांनी रिझणाऱ्या माउलीचा दृष्टान्त आहे. पण बोबडे बोल म्हणजे शब्द आल्यानंतरची अवस्था. मी बोलणार आहे ते त्याच्या आधीच्या, अर्थ नसलेल्या बडबडीबद्दल.

आता राजांकडे जाऊ. इ.स.पू. पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस एक गोष्ट सांगतो. इजिप्तचा राजा सामेटिकस याला जगातली सर्वांत जुनी जमात कोणती ते शोधायचं होतं. त्याने दोन तान्ही मुलं एका धनगराच्या ताब्यात दिली. शेळ्यांच्या दुधावर वाढवायची, पण त्यांच्यासमोर अवाक्षर काढायचं नाही. दोन वर्षांनी धनगर दार उघडून आत गेला, तर मुलं हात पसरून ‘बेकोस’ म्हणाली. चौकशी झाली. फ्रिजियन भाषेत बेकोस म्हणजे भाकरी. झालं, फ्रिजियन लोक सर्वांत जुने ठरले. मुलांनी शेळ्यांचं बेंबटणं ऐकून तोच आवाज काढला असेल, ही शंका पुढे पुष्कळांनी घेतली. माझं लक्ष जातं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. मुलाच्या तोंडून आवाज आला, की त्याला अर्थ चिकटवायला मोठी माणसं किती आतुर असतात, हे त्यात दिसतं. ही आतुरता लक्षात ठेवा. ती पुन्हा येणार आहे.

आपल्याकडे हाच प्रयोग अकबराने केला. त्याचं म्हणणं होतं, की बोलणं हे ऐकण्यातून येतं. ज्याच्या कानावर शब्द पडत नाहीत तो बोलणार नाही. काहींनी शंका काढली, तेव्हा त्याने वस्तीपासून दूर एक वास्तू बांधून घेतली, तिथे तान्ही मुलं ठेवली, आणि दाया नेमल्या त्या न बोलणाऱ्या. लोक त्या जागेला गुंग महल म्हणू लागले. गुंग म्हणजे मुका. अबुल फझल अकबरनाम्यात लिहितो, की १५८२ साली बादशहा स्वतः तिथे गेला. मुलं चार वर्षांची झाली होती, पण त्या घरातून ना रडणं ऐकू आलं, ना बोलणं. मुक्या माणसाच्या तोंडून निघतो तसा आवाज, एवढंच. बदाऊनी हा दुसरा इतिहासकार, बादशहाचा कठोर टीकाकार. त्याने मुलांची संख्या वीसच्या आसपास दिली आहे आणि त्यातली काही दगावली असंही नोंदवलं आहे.

प्रयोग क्रूर होता, यात शंकाच नाही. पण विचार म्हणून पाहिलं तर अकबर सामेटिकसच्या पुढे आहे. सामेटिकसने गृहीत धरलं होतं, की भाषा आत तयारच असते, फक्त बाहेर यायची असते. अकबराने म्हटलं, ती कानातून आत जाते. मात्र त्याने कानाबरोबर आणखी एक गोष्ट बंद केली होती. त्या मुलांच्या आवाजाला कुणी आवाजाने उत्तर देत नव्हतं. ऐकू न येणं आणि उत्तर न मिळणं या दोन गोष्टी त्या प्रयोगात वेगळ्या झाल्याच नाहीत.

आता ग्रंथांकडे. आपल्या मीमांसकांनी भाषा शिकण्याचं एक चित्र दिलं आहे, त्याला ते वृद्धव्यवहार म्हणतात. एक वडीलधारा दुसऱ्याला सांगतो, गाय आण. तो गाय आणतो. मग सांगतो, गाय बांध. मग, घोडा आण. बाजूला बसलेलं मूल हे बघतं आणि कोणता शब्द बदलला की कोणती कृती बदलते यावरून अर्थ उकलतं. युक्तिवाद सुंदर आहे. पण त्यातलं मूल गप्प आहे. ते बघतं, ऐकतं, अनुमान करतं, तोंड मात्र उघडत नाही. जणू तर्कशास्त्राचा विद्यार्थीच.

मुलाच्या तोंडाकडे ज्याने पाहिलं तो भर्तृहरी, साधारण पाचव्या शतकातला. वाक्यपदीयाच्या पहिल्या कांडात तो विचारतो, की तोंडातल्या अवयवांची ती पहिली हालचाल, प्राणवायूला वर ढकलणं, त्याचा टाळूवर, दातांवर, ओठांवर होणारा आघात, हे मुलाला शिकवलं कुणी? जीभ अमुक ठिकाणी ठेव, असं कुणी आई सांगत नाही. आणि सांगायला भाषाच लागेल, ती तर मुलाकडे अजून नाही. म्हणून तो म्हणतो, की मुलात पूर्वजन्मीच्या भाषेचा संस्कार असतो, शब्दभावना असते. पूर्वजन्म मानायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. निरीक्षण मात्र अचूक आहे. पाळण्यातला तो पहिला जिभेचा खेळ हाच त्याने प्रश्नाचा आरंभ मानला. हे वाक्यपदीय आपल्या मराठी मुलखात चांगलं अभ्यासलं गेलं. १९६५ साली पुणे विद्यापीठाने अभ्यंकर आणि लिमये यांनी संपादिलेली संहिता काढली, आणि त्याच वर्षी डेक्कन कॉलेजने सुब्रह्मण्य अय्यर यांचा पहिल्या कांडाचा इंग्रजी अनुवाद काढला.

भर्तृहरी दुसऱ्या कांडात आणखी एक दाखला देतो. वसंतात कोकिळाचा स्वर बदलतो, तो त्याला कोण शिकवतं? हा दाखला त्याला वाटला असेल त्याहूनही चांगला आहे. कोकिळेचं पिल्लू वाढतं कावळ्याच्या घरट्यात. मुलुंडला, बोरिवलीला राहणाऱ्यांनी एप्रिल-मे महिन्यांत हे खिडकीतून पाहिलं असेल. कानावर दिवसभर काव-काव, आणि मोठं झाल्यावर ते गातं कुहू. म्हणजे कोकिळाचं गाणं खरोखर आतून येतं.

माणसाचं मूल तसं नाही. मालवणी आईबापांचं बाळ जन्मापासून घाटकोपरच्या गुजराती घरात वाढलं, तर ते गुजरातीच बोलणार. मग आपण कोण, भर्तृहरीचे कोकीळ की अकबराची मुलं? माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं, की आपण सुरुवात करतो कोकिळासारखी, आणि वर्षाच्या आत आपलं सगळं कानावर आणि उत्तरावर अवलंबून राहायला लागतं. हे वळण ज्या जागी येतं, ती जागा म्हणजे बडबड.

हे कळलं कसं? एकोणिसाव्या शतकात विद्वान आपापल्या मुलांच्या रोजनिश्या ठेवू लागले. चार्ल्स डार्विनने १८३९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाच्या नोंदी ठेवल्या होत्या, त्या त्याने १८७७ मध्ये ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात छापल्या. त्यात आहे, की बरोबर एक वर्षाचा झाल्यावर मुलाने खाण्यासाठी स्वतःच एक शब्द काढला, ‘मम’. आता इथल्या आज्या हसतायत, कारण आपल्या घरात जेवण म्हणजे ‘मंमं’च!

पुढचा मोठा टप्पा रोमान याकोब्सनचा. हा रशियन भाषाशास्त्रज्ञ नाझींपासून पळत चेकोस्लोव्हाकियातून डेन्मार्क, नॉर्वे करत स्वीडनला पोचला, आणि १९४१ साली तिथे त्याने मुलांच्या भाषेवर एक छोटा, अतिशय प्रभावी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा सिद्धान्त असा, की बडबडीत मूल जगातला कुठलाही ध्वनी काढतं. मग ते सगळं सोडून देतं आणि खरी भाषा नव्याने, ठरलेल्या क्रमाने उभी करतं. म्हणजे बडबड आणि भाषा यांत दरी आहे. सिद्धान्त इतका वजनदार होता, की पुढची पंचवीस-तीस वर्षं बडबडीकडे गोंगाट म्हणूनच पाहिलं गेलं.

याच याकोब्सनने नंतर ‘मामा’ आणि ‘पापा’ या शब्दांवर एक मजेदार निबंध लिहिला. जॉर्ज मर्डॉकने जगभरच्या भाषांतून आई आणि बाप यांच्यासाठीचे १,०७२ शब्द जमवले होते. त्यात आईच्या शब्दांत म, न असे नाकातले ध्वनी फार सापडतात. याकोब्सन म्हणतो, तोंड दुधाने भरलेलं असताना बाळाला एकच आवाज काढता येतो, नाकातून. तो पुढे खाण्याचा, आणि खाऊ घालणारीचा आवाज होतो. पण अपवाद बघा. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप. आणि आपल्याकडे मामा कोण? आईचा भाऊ! मराठी घरात बाळाने ‘मामामा’ केलं की मामा खूश, ‘बाबाबा’ केलं की बाप खूश, ‘दादादा’ म्हटलं की थोरला भाऊ शेजाऱ्यांना सांगत सुटतो. काका, नाना, आबा सगळे रांगेत उभे. बाळाने फक्त जबडा उघडमिट केलेला असतो. ते आवाज नातेवाइकांनी आपसांत वाटून घेतलेत. सामेटिकसच्या धनगराची आतुरता ती हीच, आणि ती चांगली गोष्ट आहे. कशी, ते सांगतो.

इथे एका मराठी माणसाचं काम येतं, ते आपल्याकडे जितकं माहीत असायला हवं तितकं नाही. अशोक रा. केळकर. जन्म १९२९. कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि पदरचनेवर डॉक्टरेट, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली, ‘रुजुवात’ या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तर या केळकरांनी १९६४ साली ‘वर्ड’ या नियतकालिकात मराठीतल्या बाळभाषेवर एक निबंध लिहिला. बाळभाषा म्हणजे मोठी माणसं बाळाशी बोलताना वापरतात ती. त्याच वर्षी अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसनने सहा भाषांतल्या बाळभाषेची तुलना केली. अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची, गिल्याक, आणि सहावी आपली मराठी. म्हणजे या विषयाच्या जागतिक अभ्यासाच्या पायाभरणीत मराठी घरातलं बोलणं आहे.

आपल्या घरातले हे शब्द घ्या. भूभू, काऊ, चिऊ, माऊ, हम्मा, मंमं, दुदू, जोजो, भूर, बाऊ. ध्वनी सोपे, अक्षरं दुप्पट केलेली, आणि विषय ठरलेले : खाणं, झोप, प्राणी, लागणं-खुपणं. फर्ग्युसनने दाखवून दिलं, की हे शब्द प्रत्येक बाळ नव्याने शोधत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या मोठ्यांकडून बाळांकडे येतात. म्हणजे समाजाने बडबडीचे आवाज उचलले, त्यांना अर्थ दिले आणि ते बाळाला परत केले. बाळ जिथे उभं आहे तिथपर्यंत भाषेने स्वतः चालत जावं, तसं हे आहे. मीमांसकांच्या चित्रात ही देवघेव नव्हती.

१९७० नंतर ध्वनिमुद्रण करून बडबड मोजली जाऊ लागली, आणि याकोब्सनची दरी बुजत गेली. अमेरिकेत किंब्रो ओलरने दाखवलं, की बडबडीत जगातले सगळे ध्वनी नसतात. त्यात प, ब, म, त, द असे थोडेच असतात, आणि मुलाच्या पहिल्या शब्दांत तेच ध्वनी असतात. १९८४ मध्ये फ्रान्समध्ये बोआसाँ-बार्डीज आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच, अरबी आणि कँटनीज घरांतल्या बाळांची बडबड मोठ्या माणसांना ऐकवली. आठ महिन्यांच्या बाळांमधलं फ्रेंच घरचं कोणतं, हे ऐकणाऱ्यांना बऱ्यापैकी ओळखता आलं. शब्द एकही नाही, पण बडबडीला घरचा हेल लागलेला.

कानाचंही तसंच. त्याच १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी हिंदीतल्या त आणि ट यांतला फरक वापरून प्रयोग केले. आपल्याला वात आणि वाट यांत गोंधळ होत नाही. इंग्रजी भाषकाला होतो. पण इंग्रजी घरातलं सहा ते आठ महिन्यांचं बाळ हा फरक ओळखतं! वर्षाचं होईपर्यंत ते कसब बहुतेक गेलेलं असतं, कारण घरात त्याचा उपयोग नसतो. म्हणजे ज्या महिन्यांत बाळ ‘दादादा’ करत असतं, त्याच महिन्यांत त्याचा कान घरची भाषा निवडत असतो.

दोन गोष्टी आपल्या उपनगरांसाठी. आई मराठी, बाप गुजराती, सांभाळणारी बाई हिंदी, अशी घरं मुलुंड-घाटकोपरला खूप. बाळ गोंधळेल, बोलणं लांबेल, अशी भीती असते. ओलर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मायामीतल्या इंग्रजी-स्पॅनिश घरांतल्या बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन भाषांमुळे बडबड उशिरा सुरू होत नाही, असं त्यात दिसलं. दुसरी गोष्ट मोबाइलची. २००३ साली पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून बाळांनी चिनी ध्वनी उचलले. तेच पडद्यावरून ऐकवलं तेव्हा काही उचललं नाही. त्याच वर्षी मायकेल गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. बाळाने आवाज काढला की आईने लगेच हसायचं, जवळ जायचं, स्पर्श करायचा. दुसऱ्या गटात आयांनी हेच करायचं, पण बाळाच्या आवाजाशी वेळ न जुळवता. पहिल्या गटातल्या बाळांची बडबड तिथल्या तिथे सुधारली. म्हणजे प्रेम दोन्हीकडे होतं, उत्तर एकाच ठिकाणी होतं. मराठीत हुंकार हा शब्द दोन जागी येतो. बाळ देतं तो हुंकार, आणि गोष्ट ऐकणारा ‘हूं, मग?’ म्हणतो तोही हुंकार. बाळाला या दुसऱ्या हुंकाराची गरज असते.

आता ती व्यवहाराची गोष्ट.

जन्मतः ऐकू न येणारं बाळ रडतं, हसतं, दोन-तीन महिन्यांचं झालं की हुंकारही देतं. हा कोकिळाचा भाग, तो आतून येतो. त्यामुळे घरच्यांना शंकाच येत नाही. पूर्वी तज्ज्ञही म्हणत, की बहिरी मुलं ऐकणाऱ्या मुलांसारखीच बडबडतात. १९८८ साली ओलर आणि रेबेका आयलर्स यांनी २१ ऐकणाऱ्या आणि ९ बहिऱ्या बाळांची तुलना केली. ऐकणाऱ्या सगळ्या बाळांची ‘बाबाबा’ची बडबड दहाव्या महिन्यापर्यंत सुरू झाली होती. बहिऱ्यांपैकी एकाचीही अकराव्या महिन्याआधी सुरू झाली नाही, काहींना तर दोन वर्षं लागली. आकडे लहान आहेत, पण दोन्ही गटांची सरमिसळ कुठेच नाही.

आणि याचा अर्थ बहिऱ्या मुलात भाषेची शक्ती कमी, असा कुणी घेऊ नये. १९९१ साली माँट्रियलमध्ये लॉरा-ॲन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी खुणांची भाषा वापरणाऱ्या बहिऱ्या आईबापांची बहिरी बाळं पाहिली. ती हातांनी बडबडत होती. त्याच खुणांचे तुकडे, अर्थाविना, पुन्हा पुन्हा. भर्तृहरीची शब्दभावना जिभेलाच बांधलेली नाही, ती हातांतूनही वाट काढते, असं मी म्हणेन. समोर उत्तर देणारं कुणी हवं, मग ते तोंडाने देवो वा हाताने.

आपल्या घरांत काय होतं? ‘मुलगे उशिराच बोलतात.’ ‘याचे बाबाही तीन वर्षांनी बोलले.’ ‘जीभ जड आहे, वेखंड चाटवा.’ वेखंडाला संस्कृतात नावच वचा, म्हणजे बोलण्याशी जोडलेलं. पण अडचण कानात असेल तर जिभेवर काही घासून काय होणार? मग कुणीतरी ताट वाजवून बघतं. बाळ वळतं. ते जमिनीच्या कंपनाने वळलं असेल, सावली हलली म्हणून वळलं असेल, किंवा काही आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले बारकावे येत नाहीत, असंही असेल. ताटाची परीक्षा ही परीक्षा नाही. असं करत दोन-तीन वर्षं जातात, आणि तीच तर कान आणि भाषा जुळण्याची वर्षं. अकबराने मुद्दाम बांधला तो गुंग महल आपण प्रेमाने, नकळत, घरातच बांधून ठेवतो.

आज हे टाळता येतं. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केंप यांना आढळलं, की निरोगी कान आवाज ऐकल्यावर स्वतःही एक अतिसूक्ष्म आवाज परत पाठवतो. म्हणजे कानसुद्धा हुंकार देतो! त्यावर बेतलेली चाचणी झोपलेल्या नवजात बाळावर काही मिनिटांत होते, सुई नाही की दुखणं नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू, असा संकेत जगभर मानला जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहून झाली, त्यात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची वाक्‌-श्रवण क्षेत्रातली राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, बोरिवलीहून लोकलने जाता येईल इतकी जवळ. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट, खुणांची भाषा, यांतलं काय आणि किती, ते तज्ज्ञांशी बोलून ठरवा. वेळ मात्र घालवू नका.

म्हणून लक्षात ठेवायचं ते एवढंच. बाळाची जन्मानंतरची कानाची चाचणी झाली नसेल तर करून घ्या. झाली असली, तरी दहाव्या-अकराव्या महिन्यापर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ ऐकू आलं नाही, तर ‘बोलेल की’ म्हणून थांबू नका, कान तपासा. बडबड हा बाळाने ऐकल्याचा पुरावा आहे. आणि ती सुरू असेल, तर हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवून तिला उत्तर द्या. काय बोलावं सुचत नसेल तर नुसतं ‘हूं, मग?’ म्हणा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. आणि मागच्या रांगेत जे छोटे श्रोते मघापासून मध्ये मध्ये बोलतायत, त्यांना कृपया गप्प करू नका.